दारातल्या स्पीकरला बास झेपत नाही तेव्हा

गणपतीच्या दिवसांत मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या कित्येक गाड्यांत गाण्याचा आवाज फाटलेला असतो. त्यावर हमखास सल्ला मिळतो, ‘कॅपॅसिटर लावा, बास वाढेल.’ इथे दोन निरनिराळे कॅपॅसिटर एकच समजले जातात. अ‍ॅम्प्लिफायरजवळ बॅटरीच्या तारांना समांतर जोडतात तो मोठा, १ फॅरडचा. ठोका पडताना व्होल्टेज फार उतरू नये एवढंच त्याचं काम. दारातल्या स्पीकरच्या तारेत एकसर जोडलेला छोटा कॅपॅसिटर बास घटवतो, आणि फाटलेल्या आवाजावर इलाज तोच आहे.

बासचे सूर म्हणजे कमी वारंवारितेची, सावकाश कंपनं. आवाज तेवढाच ठेवून वारंवारिता निम्मी केली, तर स्पीकरच्या कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. दारातल्या सहा इंची कोनाला काही मिलिमीटरच मोकळीक असते. ती संपली की कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं, व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या फटीबाहेर जाते आणि आवाज फाटतो.

कॅपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये विद्युतरोधक थर असतो. त्यातून प्रवाह आरपार जात नाही. पट्ट्यांवर प्रभार साठतो आणि साठेल तसा उलटा विभव उभा राहून पुढच्या प्रभाराला विरोध करतो. लहर सावकाश असेल तर हा विरोध वाढायला भरपूर वेळ मिळतो. लहर झटपट असेल तर पट्ट्या भरण्याआधीच दिशा उलटते, म्हणून तीक्ष्ण सूर जवळजवळ अडथळ्याविना जातात. वस्तू एकच, पण प्रत्येक सुराला तिचा अडसर वेगळा. मला ही गोष्ट विलक्षण सुंदर वाटते.

हा अडसर १/(२πfC) एवढा असतो; f म्हणजे वारंवारिता, C म्हणजे कॅपॅसिटरची फॅरडमधली क्षमता. ४ ओहमच्या स्पीकरला २०० मायक्रोफॅरड लावले, तर २०० हर्ट्झला अडसरही सुमारे ४ ओहम. स्पीकरला पोहोचणारी शक्ती निम्मी. १०० हर्ट्झला ती पाचव्या हिश्श्यावर येते, ५० हर्ट्झला सतराव्या. १००० हर्ट्झला फरक जाणवतही नाही. प्रत्यक्षात स्पीकरचा रोध स्थिर नसतो. त्याच्या स्वतःच्या अनुनादापाशी, म्हणजे ज्या सुराला कोन आपसूक जोरात हलतो तिथे, तो कित्येक पट चढतो, त्यामुळे तिथे कॅपॅसिटरची गाळणी हिशेबापेक्षा कमी काम करते.

घरच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (तोही कॅपॅसिटरच) इथे लावू नये. तो जवळपास १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं दाबतो. गाणं अगदी क्षीण आणि पातळ ऐकू येईल.

डेकवरच्या, म्हणजे गाडीतल्या स्टिरिओवरच्या, ‘५० वॉट × ४’ या आकड्यावरही विसंबू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहममध्ये स्वच्छ साइन लहरीचे २६ वॉटसुद्धा कसेबसे निघतात. पन्नास निघतात ते लहर पार चौकोनी झाल्यावर, म्हणजे आवाज पुरता फाटल्यावर.

स्पीकरच्या तारेतला कॅपॅसिटर नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला, घ्यावा. इथे प्रवाह सतत दिशा बदलतो. साधा, प्लस-मायनस असलेला इलेक्ट्रोलिटिक तापतो, फुटूही शकतो. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोकळीत उतरून तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, म्हणून तो वरच्या बाजूला घट्ट बांधावा. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत तांब्याची उघडी तार लवकर हिरवी पडते. सांधा पिळून सोडू नये. डाख देऊन त्यावर स्लीव्ह चढवावी.