कुणाशीही न जुळणारे वायू आणि बंधांचा उलगडा

सोडियम क्लोरिनला इलेक्ट्रॉन देतो, हे आज शाळेत एका वाक्यात शिकवले जाते. पण मूलद्रव्ये एकमेकांशी का जोडली जातात हे कळायला, जी कुणाशीच जोडली जात नाहीत ती आधी सापडावी लागली. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

१८२९ साली डोबेरायनर यांनी लिथियम, सोडियम, पोटॅशियम अशी त्रिके, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तिघांचे गट, दाखवली, पण तेव्हा अणुवस्तुमानांबाबतच एकमत नव्हते. १८६० मध्ये कार्ल्सरूहे येथील परिषदेत कॅनिझारो यांनी ती ठरवण्याची सुसंगत रीत मांडली. तिथे तरुण मेंडेलीव्हही हजर होते. १८६९ मध्ये त्यांनी तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या क्रमाने एका सारणीत मांडली आणि काही जागा हिमतीने रिकाम्या ठेवल्या. त्या जागांना नावे देताना त्यांनी संस्कृतमधला ‘एक’ घेतला: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. १८७५ मध्ये गॅलियम सापडले, तेव्हा शोधकर्त्याने त्याची घनता ४.७ दिली. ती ५.९च्या आसपास हवी, असे मेंडेलीव्ह यांनी कळवले. पुन्हा मोजल्यावर तसेच निघाले.

अरगॉनसाठी मात्र जागाच राखलेली नव्हती. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक क्रियेने बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो, हे रॅले यांनी पाहिले. एवढ्याशा फरकाचा पिच्छा पुरवत १८९४ मध्ये त्यांनी आणि रॅमझी यांनी हा नवा वायू जाहीर केला. तो कशाशीच क्रिया करीना, आणि त्याचे अणुवस्तुमान पोटॅशियमपेक्षा जास्त, म्हणजे क्रमही बिघडतो! हे नायट्रोजनचेच तीन अणूंचे रूप असावे, अशी शंका खुद्द मेंडेलीव्ह यांनी घेतली. पण १८९८ पर्यंत निऑन, क्रिप्टॉन, झेनॉनही सापडले आणि सारणीत अशा निष्क्रिय ‘राजवायूं’चा अख्खा स्तंभ आला. क्रमाचे कोडे १९१३ मध्ये हेन्री मोजले या भौतिकशास्त्रज्ञाच्या क्ष-किरण प्रयोगांतून सुटले. मूलद्रव्याचे स्थान अणुवस्तुमान नव्हे, तर अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांची संख्या, ठरवतो: अरगॉन १८, पोटॅशियम १९. दोनच वर्षांनी, २७ वर्षांचे मोजले गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. त्या वयात त्यांनी केलेले काम पाहिले की ही हानी आजही सलते.

राजवायू शांत राहतात, कारण त्यांचे इलेक्ट्रॉनांचे बाह्यतम कवच पूर्ण असते: हेलियमचे दोन इलेक्ट्रॉनांनी, बाकीच्यांचे आठांनी. मग इतर अणूही त्याच स्थितीकडे जात असतील का? १९१६ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे याच दिशेने उत्तर दिले. कोसेल यांच्या मते इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बनतात आणि एकमेकांना आकर्षतात. हा आयनिक बंध. लुईस यांनी दोन अणूंमध्ये भागीदारीत असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी मांडली, तोच सहसंयुज बंध. धातूंमध्ये मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात, ही कल्पना त्याआधीच, १९०० मध्ये ड्रूडे यांनी मांडली होती.

१९६२ मध्ये नील बार्टलेट यांच्या लक्षात आले, की झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला ऑक्सिजनच्या रेणूमधून काढायला लागते जवळजवळ तितकीच ऊर्जा लागते. ज्या प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतला होता, तेच त्यांनी झेनॉनशी मिसळले. खोलीच्या तापमानालाच नारिंगी-पिवळा घनपदार्थ तयार झाला. झेनॉनने बंध जोडला होता.