'डिस्प्ले येत नाही' आणि 'विंडोज उडालं': फॉरमॅट मारायच्या आधी लोगो बघा

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, वर लाइटीचा लपंडाव असतो, आणि घरोघरचे जुने डेस्कटॉप मान टाकायला लागतात. मग फोन येतो: "कॉम्प्युटर चालू व्हत नही भो. विंडोज उडी गयं वाटस, फॉरमॅट मारी दे." तक्रार, निदान, औषध, सगळं एका दमात. लोगो दिसतो का म्हणून विचारावं तर कळतं की पडदा पार काळा आहे, फक्त पंखा फिरतो. मग यात विंडोजचा संबंध आला कुठून?

विंडोज खरंच उडालेलं कसं दिसतं ते सगळ्यांना पाठ आहे. कंपनीचा लोगो येतो, मग ठिपके गोल गोल फिरत बसतात, निळा पडदा येतो, किंवा बूट डिव्हाइस सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. मागे विसरलेला पेनड्राइव्ह असेल तर काढा. विंडोज १० आणि ११ लागोपाठ काही वेळा अडकले की आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतात. तिथे स्टार्टअप रिपेअर आधी, फॉरमॅट (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं) सगळ्यात शेवटी. आणि बटण दाबून पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही, तर भिंतीवरचा बोर्ड, वायर आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) या क्रमाने बघा. इथे कोणी चुकत नाही.

चुकतात ते दिवा लागतो, पंखा फिरतो आणि पडदा काळा, इथे.

बटण दाबलं की आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, जागा होतो. तो प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स तपासतो, मग पडद्यावर लोगो उमटतो. त्यानंतर डिस्ककडे वळून तो विंडोज उचलायला जातो. विंडोज डिस्कवर असतं. म्हणजे लोगो येईपर्यंत विंडोजची पाळीच आलेली नसते. पटत नसेल तर डिस्कची केबल काढून मशीन सुरू करा: लोगो येतो, विंडोज तेवढं सापडत नाही. उलट केबल काढल्यावरच लोगो यायला लागला, तर डिस्क स्वतः खराब आहे आणि बायोसला अडवून बसली आहे. तेव्हाही फॉरमॅट हा इलाज नाही. विहिरीवरची मोटरच उचलत नसेल तर ठिबकच्या नळ्या धुऊन काय मिळणार?

काळा पडदा मात्र दोन्हीकडे येऊ शकतो, म्हणून नुसतं काळं बघून ठरवू नका. मशीन सुरू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो, तर बोर्ड जिवंत आहे, चित्र फक्त मॉनिटरपर्यंत पोचत नाही. तेव्हा केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या खाचेत खोचलेली असणं हा प्रकार फार. दिवा हलतच नाही आणि लोगोही आलेला नाही, तर गाडी तपासणीतच अडकली आहे. काळ्या पडद्यावर माउसचा बाण दिसत असेल, तर ते विंडोजचं दुखणं. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक दिवे असतात. पहिल्या तिघांपैकी एक लागून राहिला तर लोगोच्या अलीकडे शोधा, बूटचा राहिला तर पलीकडे. सुरू होताना वाजणाऱ्या बीपवर माझा भरवसा कमी. कंपनीगणिक संकेत वेगळे, आणि कित्येक कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो.

लोगोच्या अलीकडचा बिघाड असेल तर पहिला संशय रॅमवर घ्या. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसा, आणि एकच रॅम खटका बसेपर्यंत नीट बसवा. आपल्याकडची धूळ आणि जिनिंगच्या आसपास उडणारा कापसाचा भुसा स्लॉटमध्ये शिरतो, तोही ब्रशने काढा. नंतर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची पॉवरची वायर बघा. ती निघालेली असली तरी पंखे मजेत फिरतात. फिरणारा पंखा म्हणजे एसएमपीएस ठीक, हाही भ्रमच. त्याने 'वीज ठीक आहे' हा इशारा बोर्डाला दिला नाही, तर प्रोसेसर कामाला लागत नाही.

हा घोळ मिटत का नाही याचं कारण मला दुकानाच्या काउंटरवर दिसतं. मशीन येते, कारागीर कॅबिनेट उघडतो, रॅम काढून बसवतो, डिस्प्ले येतो. तिथेच काम झालेलं असतं. पण गिऱ्हाईक आधीच फॉरमॅट म्हणून बसलेलं, मग कारागीर फॉरमॅटही मारून टाकतो. घरी गेल्यावर लेकीच्या लग्नाचे फोटो नसतात, आणि तरी 'फॉरमॅटने चालू झालं' ही ख्याती गावभर होते. ज्या मशीनवर चित्रच उमटत नव्हतं तिच्यावर फॉरमॅट मारला तरी कसा, हे कोणी विचारत नाही.

एक दुखणं मात्र सीमेवरचं आहे. बोर्डावर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. तो संपला की प्लग काढलेल्या मशीनची तारीख मागे जाते, बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, आणि लोगो येऊनही विंडोज निळं पडतं किंवा सापडत नाही. दिसतं विंडोजचं, असतं बोर्डाचं. सेल बदला, तारीख लावा, आणि बायोसमध्ये डिस्कशी बोलण्याची पद्धत (एएचसीआय किंवा आयडीई मोड) आणि बूट होण्याची पद्धत (यूईएफआय किंवा लेगसी) आधी होती तशी करा. विंडोज ११ ने बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या कुलपाची) की मागितली तर घाबरू नका. घरच्या मशीनची की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, मोबाइलवरून उघडून बघा.