चष्म्याला चरे पडलेत की कोटिंग तडकलंय, आधी ते बघा

परवा आईने चष्मा हातात दिला आणि म्हणाली, "सगळे चरे पडलेत रे, टूथपेस्ट लावून घासून दे जरा." बरं झालं घासायच्या आधी ट्यूबलाईटखाली धरून बघितला. ते चरे नव्हतेच, काचेवरचं कोटिंग, म्हणजे वरचा पातळ थर, तडकलं होतं. आणि ह्या दोन गोष्टींत खूप जण गोंधळतात, कारण डोळ्यावर लावल्यावर दोन्हीत धुरकटच दिसतं आणि रात्री समोरच्या गाडीचा लाईट फाकतो.

चरा म्हणजे रेघ. तिला सुरुवात असते, शेवट असतो, आणि बहुतेक वेळा ती बाहेरच्या बाजूला असते कारण आपण चष्मा उपडा ठेवतो. खोल असेल तर नखाला हलकीशी लागते पण. तडकलेलं कोटिंग तसं नसतं, उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलाला कशा भेगा पडतात तसं बारीक जाळं काचभर पसरलेलं असतं आणि समोरून बघितलं तर नुसता मळकटपणा वाटतो, काच तिरकी केली की मगच ते जाळं दिसतं. कधी कधी कडेपासून पापुद्रे पण निघतात. काचेत ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघा, अँटीग्लेअर, म्हणजे चकाकी कमी करणारं कोटिंग, असेल तर ते हिरवट किंवा निळसर दिसतं, जिथे कोटिंग उडालंय तिथे पांढरं दिसतं.

आपण काच म्हणतो खरं, पण आता बहुतेक चष्म्यांत प्लॅस्टिकच असतं. त्यावर हार्ड कोट, म्हणजे चरे कमी पडावेत म्हणून दिलेला कडक थर, आणि त्याच्यावर अँटीग्लेअरचे थर, आणि हे अँटीग्लेअरचे थर तर सगळे मिळून केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. धुळीत वाळूचे कण असतात, ते प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कडक, म्हणून कोरडा चष्मा ओढणीने नाहीतर शर्टाच्या टोकाने पुसला की चरे पडतात. कोटिंगचा शत्रू वेगळा, उष्णता. तापलं की प्लॅस्टिक चांगलंच फुगतं, वरचे थर तेवढे फुगत नाहीत, मग ते ताणून तडकतात. आई रोज गॅससमोर वाकून भाकऱ्या भाजते आणि पिठाचा हात लागला की चष्मा आंघोळीच्या गरम पाण्याने धुते, म्हणजे कारण समोरच होतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला तरी हेच होतं.

आता टूथपेस्टचं. टूथपेस्ट, खायचा सोडा हे घासणारे पदार्थ आहेत, ते चरा भरत नाहीत, आजूबाजूचा भाग झिजवतात. एका रेघेच्या जागी मोठा धूसर डाग येतो आणि अँटीग्लेअर तेवढ्या भागापुरतं जातं. तडकलेल्या कोटिंगवर घासलं तर उरलेलंही ठिगळा ठिगळाने निघतं. मशीनवर पॉलिश करून देतो म्हणणारे पण असतात, पण नंबर भिंगाच्या वक्रतेवर असतो आणि चरा खोल असेल तर तो जाईपर्यंत झिजवताना तीच बिघडते, म्हणून मी तरी कोणाला सुचवणार नाही. चरा कडेला असेल आणि नजरेत येत नसेल तर तसाच राहू द्या. मधोमध असेल, किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (लांबचा आणि वाचायचा नंबर एकाच भिंगात असतो तो) खाली वाचायच्या भागात असेल, तर फ्रेम तीच ठेवून भिंगं बदला.

आणि दुकानात जाताना तर हा फरक नक्की माहीत असावा. चरे पडले तर वापरणाऱ्याची चूक म्हणून बहुतेक जण हात वर करतात, पण कोटिंग उडण्यावर बऱ्याच ठिकाणी ठराविक मुदतीची वॉरंटी असते. म्हणून बिल जपून ठेवा आणि "चरे पडलेत" म्हणून सुरुवात करू नका, काच तिरकी धरून ते जाळं दाखवा. आईच्या चष्म्याला आठच महिने झाले होते, गॅस आणि गरम पाण्याचं पण खरं सांगितलं, तरी भिंगं बदलून मिळाली. आता ती नळाच्या गार पाण्याखाली धरते, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने फिरवते, आणि मायक्रोफायबरने टिपून घेते.