अनुशेष, मराठवाड्याचा (अर्थसंकल्पीय बाजू)

राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखाद्या विभागात रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा सोयी जेवढ्या कमी पडतात, ती तूट भरून काढायला लागणाऱ्या रकमेला महाराष्ट्राच्या प्रशासनात ‘अनुशेष’ म्हणतात. नोकरभरतीतील रिक्त राखीव जागांनाही हाच शब्द वापरतात. त्या अर्थाचा येथे विचार केलेला नाही. मराठवाड्यापुरता हा विषय प्रामुख्याने विधिमंडळाच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाशी जोडलेला आहे. राज्यपालांचे निधिवाटपाचे निर्देश, पुरवणी मागण्या आणि विभागीय असमतोलावरची चर्चा हे सारे फेब्रुवारी-मार्चच्या त्या काही आठवड्यांत येते.

मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद असे पाच जिल्हे होते. पुढे जालना (1981), लातूर (1982) व हिंगोली (1999) वेगळे झाले. राज्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे 21 टक्के भाग या विभागात येतो, तर 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येचा वाटा सुमारे 16.7 टक्के आहे. विधानसभेच्या 288 पैकी 46 जागा येथील आहेत.

कराराचे शब्द व घटनेचे शब्द. विभागवार निधीच्या हक्काचे मूळ 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात मानले जाते. विदर्भाच्या संदर्भात हा करार नेहमी उद्धृत होतो, मराठवाड्याच्या संदर्भात कमी; वास्तविक निधिवाटपाच्या कलमात नाव घेऊन सवलत दिलेली आहे ती मराठवाड्यालाच. खर्चाचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, मात्र मराठवाड्याची अविकसित स्थिती पाहता त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष पुरवावे आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असा त्या कलमाचा आशय आहे.

सातव्या घटनादुरुस्तीने (1956) अनुच्छेद 371 मध्ये ही व्यवस्था आली तेव्हा शब्द बदलले. अनुच्छेद 371(2) नुसार राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापणे, विकासखर्चासाठी निधीचे समन्यायी वाटप करणे, तसेच तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण व शासकीय नोकऱ्यांत पुरेशी संधी देणे, एवढ्या बाबी तीत येतात. ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’ हे मोजता येणारे माप जाऊन ‘समन्यायी’ हा अर्थ लावावा लागणारा शब्द आला. शिवाय ‘संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून’ अशी अटही त्यात आहे. मराठवाड्याचा स्वतंत्र उल्लेख मंडळापुरता उरला, ‘विशेष लक्ष’ मात्र घटनेत उतरले नाही. काही अभ्यासक हा बदल केवळ शब्दांचा मानतात. पुढील चार दशकांतील वाद पाहता तो तेवढाच नव्हता, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गणनेचा आरंभ कोणत्या सालापासून. अनुशेषाविषयीचा सर्वांत चिवट वाद हाच आहे. अनुशेष ही साठत जाणारी गोष्ट असल्याने मोजणी जितकी मागे न्यावी तितका आकडा फुगतो. विभागातील कार्यकर्ते व लोकप्रतिनिधी यांचा एक पक्ष 1956 किंवा 1960 हे मूळ वर्ष धरतो. निजामी राजवटीतून आलेला मागासलेपणा हा विलीनीकरणावेळचा वारसा, आणि तो भरून काढणे ही कराराची अट, असा त्यांचा युक्तिवाद. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनातील मागण्यांमागेही हीच धारणा होती. दुसरा पक्ष म्हणतो की त्या काळची जिल्हावार आकडेवारी एकसारखी नाही. जेथे आकडे आहेत तेथूनच मोजावे.

प्रत्यक्षात दुसऱ्या पक्षाचा मार्ग स्वीकारला गेला. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1983 मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये अहवाल दिला. तिने जिल्हा हा घटक धरला, प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली आणि सरासरीखालच्या जिल्ह्यांची तूट रुपयांत मांडली. एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा 750.85 कोटी, म्हणजे सुमारे 23.6 टक्के होता. राज्यपालांनी 1995 मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने 1 एप्रिल 1994 ही तारीख धरून फेरगणना केली. तेव्हा एकूण अनुशेष 14,006.77 कोटी व मराठवाड्याचा 4,004.55 कोटी, म्हणजे सुमारे 28.6 टक्के निघाला. दोन्ही आकडे वेगवेगळ्या किमतींवर आणि वेगवेगळ्या निर्देशांकांवर आधारलेले असल्याने ‘दहा वर्षांत अनुशेष पाचपट झाला’ हे भाषणांतले वाक्य शास्त्रीय नाही. वाट्यातील पाच टक्केबिंदूंची वाढ मात्र दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पद्धतीवरचे आक्षेप दोन. पहिला सरासरीबद्दलचा. राज्याची सरासरी ही मागास जिल्हे धरूनच निघते, त्यामुळे ती मुळात खाली ओढलेली असते. मुंबई-पुण्याच्या जवळ जाण्याचे उद्दिष्ट त्यात नाही, फक्त मधल्या रेषेपर्यंत पोहोचण्याचे आहे. शिवाय पुढारलेले जिल्हे पुढे जात राहिले की ती रेषाही सरकते. तारीख गोठवली की कागदावरचा अनुशेष संपतो, जमिनीवरचा संपेलच असे नाही.

दुसरा आक्षेप सिंचनाचा, आणि मराठवाड्यात तोच मुख्य. हंगामांतला फरक काढून टाकण्यासाठी सर्व सिंचन रब्बीच्या समतुल्य क्षेत्रात रूपांतरित करून निव्वळ पेरणीक्षेत्राशी त्याचे प्रमाण काढले जाते. पण मोजली जाते ती ‘निर्मित सिंचनक्षमता’. जायकवाडीचे उदाहरण बोलके आहे. पैठणच्या या धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते आणि लोकार्पण 1976 मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. एकूण साठा सुमारे 102 टीएमसी (अब्ज घनफूट), उपयुक्त सुमारे 76 टीएमसी. कालवा परभणीपर्यंत खणला गेला की त्याच्या लाभक्षेत्रातली जमीन हिशेबात ओलिताखाली येते. वरच्या अंगाला नाशिक-नगरच्या धरणांत पाणी अडल्यावर जायकवाडीचा नाथसागर जलाशय भरत नाही, त्या वर्षी शेपटाकडच्या चारीत कडुनिंबाचा पाला आणि तडकलेले अस्तर एवढेच असते. तरीही ते शिवार अनुशेषाच्या तक्त्यात ‘भिजलेले’ असते. या असमतोलावर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये गोदावरी खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटपाचा आदेश दिला. पाण्याचे वाटप आणि पैशाचे वाटप या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, याची कबुली त्यात आपोआप आली. कृष्णा खोऱ्यातून मराठवाड्याला द्यावयाच्या 23.66 टीएमसी पाण्याचाही प्रश्न याच जातीचा आहे.

डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने (नेमणूक 2011, अहवाल 2013) जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरला आणि अनुशेषापेक्षा ‘संतुलित प्रादेशिक विकास’ या संकल्पनेवर भर दिला. हा अहवाल डिसेंबर 2014 मध्ये नागपूर अधिवेशनात सभागृहापुढे आला. तालुक्याच्या मोजणीने जिल्ह्याच्या सरासरीत झाकली जाणारी दरी दिसते. छत्रपती संभाजीनगर शहरालगतचा औद्योगिक पट्टा आणि त्याच जिल्ह्यातील सोयगाव यांना एकाच सरासरीत घालणे कोणालाही पटणारे नाही.

मंडळ, निर्देश व सूत्र. विधिमंडळाने 1984 मध्ये वैधानिक विकास मंडळांचा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश 9 मार्च 1994 रोजी निघाला आणि मंडळे 1 मे 1994 पासून अस्तित्वात आली. पहिले सविस्तर निर्देश राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी 15 डिसेंबर 2001 रोजी दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2008 मध्ये असे निर्देश शासनावर बंधनकारक मानले.

सध्या सभागृहात सांगितले जाणारे सूत्र विदर्भ 23.03, मराठवाडा 18.75 व उर्वरित महाराष्ट्र 58.23 टक्के असे आहे. (बेरीज 100.01 भरते, ती पूर्णांकनामुळे.) 1953 च्या करारातील ‘विशेष लक्षा’ची किंमत यातून काढता येते. 16.7 टक्के लोकसंख्येच्या विभागाला 18.75 टक्के, म्हणजे लोकसंख्येच्या वाट्यापेक्षा जेमतेम दोन टक्केबिंदू अधिक. पुन्हा हे प्रमाण लागू होते ते विभागण्याजोग्या तरतुदीलाच. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज व राज्यस्तरीय योजना त्याबाहेर राहतात. 2017-18 पासून योजना व योजनेतर हा भेद जाऊन ‘कार्यक्रम खर्च’ व ‘अनिवार्य खर्च’ अशी रचना आली, तेव्हापासून जुन्या तक्त्यांशी थेट तुलना करणे जिकिरीचे झाले आहे.

मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. पुढच्याच अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, 1 मार्च 2021 रोजी, विधानसभेत यावर गदारोळ झाला आणि मंडळांचा प्रश्न विधान परिषदेवरील राज्यपालनियुक्त बारा सदस्यांच्या रखडलेल्या नावांशी उघडपणे जोडला गेला. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेऊन केंद्राकडे प्रस्ताव पाठविण्याचे ठरवले.

अधिवेशनातील क्रम. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाची सुरुवात राज्यपालांच्या अभिभाषणाने होते (अनुच्छेद 176). कामकाज सल्लागार समिती दिवस ठरवते. पहिल्या आठवड्यात पुरवणी मागण्या येतात, मग आर्थिक पाहणी आणि अर्थसंकल्प. विधानसभेत अर्थमंत्री व परिषदेत राज्यमंत्री तो मांडतात. खातेवार मागण्यांवर कपात सूचना (रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव) येतात, पण ठरलेल्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात. मराठवाड्यावरची चर्चा बहुधा विधानसभेत नियम 293 व परिषदेत नियम 260 खाली होते, म्हणजे मागण्यांच्या मतदानाशी तिचा थेट संबंध नसतो. भाषणे जोरकस होतात, आकडा हलत नाही.

खरी घासाघीस त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, विभागीय आयुक्तालयातील जिल्हा वार्षिक योजनेच्या राज्यस्तरीय बैठकीत होते. एकेक जिल्हाधिकारी सादरीकरण करतो, पालकमंत्री वाढीव रक्कम मागतो, अर्थमंत्री तिथेच आकडा सांगतो. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटे थोडीच येतात.

तरतूद आणि खर्च यांतला फरक हा अनुशेषाचा अभ्यास करताना सर्वांत अधिक निसटणारा भाग आहे. नवे काम हिरव्या पुस्तकात (अर्थसंकल्पासोबतच्या योजनावार तरतुदींच्या पुस्तकात) आले की गावात फटाके वाजतात. पुढे लेखाशीर्ष उघडण्यापुरती एक हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद असल्याचे कळते. उरलेली रक्कम डिसेंबरच्या पुरवणीत, आणि प्रत्यक्ष वितरण बीडीएसवर (निधिवितरणाच्या संगणकीय प्रणालीवर) मार्चअखेरीस. 31 मार्चच्या रात्री कोषागारात देयकांचे गठ्ठे घेऊन थांबलेले लिपिक हे मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्हा मुख्यालयातले नेहमीचे दृश्य. वेळेत न उचललेला निधी समर्पित होतो, म्हणजे शासनाकडे परत जातो, आणि निर्देशांच्या तक्त्यात मात्र सूत्र पाळले गेलेले असते. मंत्रिमंडळाच्या विशेष बैठकांतून (ऑक्टोबर 2016 व सप्टेंबर 2023) जाहीर झालेली ‘पॅकेजे’ अर्थसंकल्पीय तरतूद नव्हेत. ती मागणी म्हणून मताला येईपर्यंत अनुशेषाच्या हिशेबात धरू नयेत.

समित्या. लोकलेखा, अंदाज व सार्वजनिक उपक्रम या समित्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त असतात. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. संसदेत 1993 पासून खातेनिहाय स्थायी समित्या मागण्या मताला येण्याआधी तपासतात. येथे भर खर्चानंतरच्या तपासणीवर राहिला. विभागवार खर्च हा या समित्यांचा स्वतंत्र विषय नाही.

जिल्ह्यात ओळखीची समिती म्हणजे पंचायत राज समिती, बोलीत ‘पीआरसी’. तिचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत नोंदवह्यांना नवी पुठ्ठ्याची वेष्टणे चढतात, शाळांच्या भिंती रंगतात आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या लेखापरीक्षणातील परिच्छेदांची अनुपालने रात्रीतून टंकली जातात. साक्षीला उभा असलेला अधिकारी त्या वर्षी बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात असतो.

रोजगार हमी योजनेची समिती मात्र त्या योजनेमुळे वेगळी नोंदवावी लागेल. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात निघालेल्या कामांचा अनुभव, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, 1975 चा व्यवसाय कर आणि 1977 चा कायदा (अंमल 26 जानेवारी 1979 पासून) या साखळीत विधिमंडळाने शहरी पगारदारांवर कर बसवून ग्रामीण मजुरीसाठी वेगळा निधी बांधला. विभागाचे नाव न घेता कोरडवाहू मराठवाड्याकडे पैसा वळवणारा असा दुसरा अर्थसंकल्पीय निर्णय क्वचितच सापडेल. अनुशेषाच्या दोन्ही मोजण्यांत त्याची गणना नाही.