चार भोकांच्या हबवर पाच भोकांचं चाक

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारं एक लेथ-वर्कशॉप आहे. भाचा मला तिथे घेऊन गेला. त्याला आपल्या स्विफ्टला स्कोडा ऑक्टाव्हियाची ॲलॉय चाकं बसवायची होती आणि ॲडॉप्टर, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणाऱ्या चकत्या, तिथेच करून घ्यायचे होते. "मामा, नुसती भोकं पाडलेली चकती तर आहे," तो म्हणाला.

मिस्त्रींनी कागद पुढे ओढला, कंपास घेतला. स्विफ्टच्या हबवर चार स्टड, म्हणजे नट बसतो ते आटे पाडलेले दांडे, 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. ऑक्टाव्हियाच्या चाकाला पाच भोकं, 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर. गॅरेजमध्ये पीसीडी म्हणतात तो हाच व्यास. ॲडॉप्टरच्या चकतीत दोन्हींसाठी भोकं पाडायची. एकाच केंद्रावर दोन्ही वर्तुळं काढली की त्यांच्यात अंतर उरतं फक्त 6 मिलिमीटर. चार भोकं 90 अंशांवर, पाच भोकं 72 अंशांवर. कशीही फिरवा, एखादी तरी जोडी 9 अंशांच्या आत येतेच. म्हणजे त्या दोन भोकांचे मध्यबिंदू फार तर सव्वादहा मिलिमीटर लांब, आणि स्टड 12 मिलिमीटर जाडीचा! भोकं एकमेकांत घुसतात. भाचा बराच वेळ कागद फिरवून बघत होता.

भोकांभोवतीच्या धातूला एवढं महत्त्व का, हे कळायला चाक कशावर टिकतं ते बघायला हवं. गाडीचा भार स्टडवर टांगलेला असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. 100 न्यूटन-मीटरने आवळलेला 12 मिलिमीटरचा एक स्टड सुमारे 4 टनांचा दाब देतो. चार मिळून 16 टन. त्या दाबातून येणारं घर्षण चाकाला सरकू देत नाही. दाब टिकला तर स्टडला आडवा मार बसतच नाही. नट सैल झाला की मात्र सगळा मार स्टडवर.

ॲडॉप्टर लावला की असे जोड दोन होतात, आणि हबकडचे नट चाकामागे लपतात. त्यात चाक ॲडॉप्टरच्या जाडीएवढं बाहेर सरकतं, म्हणून बेअरिंगवरचा ताणही वाढतो.

शिवाय फिरणाऱ्या चाकात प्रत्येक फेऱ्याला वाक उलटतो. सोलापूर ते पुणे साधारण 250 किलोमीटर. तेवढ्यात स्विफ्टचं चाक सव्वा लाखाहून जास्त फेरे घेतं. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात मोडायला लागतो त्यापेक्षा बराच कमी भारही पुन्हा पुन्हा आला तर पोलाद तुटतं. ॲडॉप्टर बहुधा ज्याचे करतात त्या ॲल्युमिनियमचं तर त्याहून अवघड: कितीही फेरे सोसेल अशी सुरक्षित मर्यादा त्याला नसतेच. भेग सुरू होते ती भोकांमध्ये उरलेल्या अशाच पातळ कडेपाशी.

चारवरून चार भोकांवर जायचं असेल तर गोष्ट वेगळी. फोर्ड फिगोचं चाक 108 च्या वर्तुळाचं. भोकं 45 अंश फिरवली की दोन भोकांच्या मध्यबिंदूंमध्ये 40 मिलिमीटर अंतर मिळतं, भरपूर धातू उरतो. तरीही माझं मत विचाराल तर स्विफ्टच्याच मापाचे ॲलॉय घ्यावेत.

ज्यांच्या गाडीला ॲडॉप्टर आधीच लागलेत, त्यांनी आज चाकं उतरवून मागचे नट टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने) तपासावेत. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा.