कृषी व पशुप्रदर्शने, मराठवाड्यातील

जत्रा, कृषी विद्यापीठाचे शेतकरी मेळावे आणि शासकीय पीक स्पर्धा यांच्या निमित्ताने मराठवाड्यात भरणारी जनावरे, शेतीमाल व अवजारे यांची प्रदर्शने आणि त्यांना जोडून होणाऱ्या स्पर्धा. यांत दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. पहिली देवस्थानाच्या जत्रेतील जनावरांच्या बाजाराची. ती किती जुनी हे निश्चित सांगता येत नसले, तरी निजामी राजवटीच्या आधीपासूनची असावी. दुसरी शेतीच्या विस्तारकार्याची, म्हणजे नवे वाण व तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या कामाची असून ती मुख्यतः 1972 नंतरची आहे.

जत्रांमध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा अग्रगण्य. मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस, म्हणजे साधारणतः डिसेंबर-जानेवारीत, देवस्वारी व पालखीपूजनाने तिचा प्रारंभ होतो. घोडे, गाढवे, उंट, गाई-बैल यांच्या खरेदी-विक्रीसाठी शेजारच्या राज्यांतूनही व्यापारी येतात. नांदेड जिल्हा परिषदेतर्फे पशू, अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शन, फळे-भाजीपाला व मसाला पिकांची स्पर्धा, कुस्त्यांची दंगल, लोककला व लावणी महोत्सव असा कार्यक्रम असतो. लातूरच्या सिद्धेश्वर-रत्नेश्वर यात्रेतही महाशिवरात्रीच्या सुमारास पशुप्रदर्शन भरते.

पशुस्पर्धेत जनावरांचे गट वयानुसार पाडतात आणि वय दातांवरून ठरते: आदत (दुधाचे दात असलेले), दोन दाती, चार दाती, सहा दाती व जुळलेले (सर्व कायमचे दात आलेले). वळू, गाय, कालवड, गोऱ्हा आणि बैलजोडी यांची परीक्षा स्वतंत्र होते. परीक्षक पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील व पशुसंवर्धन विभागातील असतात. ते डोके, शिंगांची ठेवण, कानांची लांबी, वशिंड, पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी), पायांची चाल, खूर आणि गाईच्या बाबतीत कास पाहतात. नुसते धष्टपुष्ट जनावर येथे मागे पडते, कारण जातीची लक्षणे किती शुद्ध उतरली आहेत याला अधिक गुण असतात. ट्रॅक्टरमुळे बैल कमी होत असताना जातिवंत वळू राखणाऱ्या पशुपालकाला चारचौघांत मान देणारी ही जागा आहे, आणि या प्रदर्शनांचे सर्वांत मोठे मोल त्यातच आहे.

स्पर्धेत प्रामुख्याने दिसणाऱ्या दोन गोवंशांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. लाल कंधारी हा नांदेड जिल्ह्याच्या कंधार तालुक्यातील गोवंश इ.स. चौथ्या शतकात सोमदेवराय नावाच्या राजाने जोपासला, असे पशुसंवर्धनविषयक माहितीपत्रकांत वारंवार छापले जाते. कंधारचा सोमदेव वरंगळच्या काकतीय घराण्याच्या वंशकथेत येतो. परंतु ती कथा पौराणिक वळणाची असून तिच्यावरून काळ ठरवणे धोक्याचे आहे. कंधारचे शिलालेखीय पुरावे राष्ट्रकूटकालीन आहेत आणि तेथील वैभवाचा काळ राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीशी (939–967) जोडला जातो. चौथ्या शतकाचा उल्लेख त्यामुळे परंपरा म्हणून नोंदवावा, इतिहास म्हणून नव्हे. कंधार परिसरातील मन्याड नदीच्या खोऱ्यातील पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून हा एकरंगी तांबडा, मध्यम बांध्याचा आणि कामाला चिवट गोवंश घडला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लातूर जिल्ह्यातील देवणी गावावरून ओळखला जाणारा देवणी गोवंश गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून गेल्या दीड-दोनशे वर्षांत तयार झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. फुगीर कपाळ व लोंबते कान गीरशी, तर अंगावरील काळे-पांढरे ठिपके डांगीशी नाते सुचवतात. रंगावरून त्याचे वानेरा, बाळंक्या व शेवेरा (काही ठिकाणी वाघ्या) असे प्रकार करतात. वानेरा म्हणजे पांढरे अंग व अंशतः काळे तोंड, आणि शेवेरा म्हणजे अंगभर अनियमित काळे ठिपके, यावर साधारण एकमत आहे. बाळंक्या मात्र काही संदर्भांत पूर्ण पांढरा, तर काहींत पोटाखाली काळे ठिपके असलेला सांगितला जातो. पशुपालकांच्या बोलण्यात पहिला अर्थ अधिक रूढ दिसतो. लाल कंधारी व देवणी या दोन्ही जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहे. उस्मानाबादी शेळीचेही स्वतंत्र गट असतात.

शंकरपट, म्हणजे छकड्याला जुंपलेल्या बैलजोडीची, लागलेल्या वेळेवरून निकाल ठरणारी शर्यत, हे जत्रेचे मोठे आकर्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने ती बंद झाली. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली, तरी न्यायालयाची प्रत्यक्ष परवानगी 16 डिसेंबर 2021 रोजी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

विस्तारकार्याचे केंद्र परभणी. तेथील कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले व 2013 मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. स्थापनादिनी खरीप आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी शेतकरी मेळावा घेण्याची प्रथा आहे. पेरणीच्या तोंडावर येणाऱ्या या दोन तारखांना विद्यापीठाच्या बियाण्यांची विक्री सुरू होते, आणि दालनांपेक्षा या विक्रीच्या रांगेलाच गर्दी अधिक असते. सोयाबीनचा एमएयूएस 71, तुरीचा बीडीएन 711 व ज्वारीचा परभणी मोती हे विद्यापीठाचे परिचित वाण. जालन्याजवळील खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला होणारे चर्चासत्र याच कार्याचा लहान पण सातत्याचा प्रकार होय.

पीक स्पर्धा मैदानात न होता शेतातच होते. कृषी विभागाच्या योजनेत सहभागासाठी बहुतेक पिकांखाली किमान 40 आर (सुमारे एक एकर) आणि भाताखाली 20 आर सलग क्षेत्र लागते. समितीसमोर आखलेल्या तुकड्यातील पीक कापून, मळून, वजन करून उत्पादकता काढली जाते. अलीकडील नियमांनुसार पहिले बक्षीस तालुका पातळीवर 5,000, जिल्हा पातळीवर 10,000 व राज्य पातळीवर 50,000 रुपये आहे. रब्बी हंगामात ज्वारी, गहू व हरभऱ्यासोबत करडई आणि जवस ही मराठवाड्यातील जुनी कोरडवाहू पिकेही स्पर्धेत धरली जातात.