पोदेर, पुएदो, पोदेमोस : स्पॅनिश धातूंमधल्या स्वरबदलाची पार्श्वभूमी

स्पॅनिशच्या पहिल्या पातळीवरच ‘पोदेर’ (शकणे) हे क्रियापद चालवावे लागते. पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन या चार रूपांत मूळच्या ‘ओ’चा ‘उए’ होतो. पण ‘आम्ही’ म्हटले की पोदेमोस, आणि स्पेनमधल्या अनेकवचनी ‘तुम्ही’साठी पोदेइस. ‘केरेर’चे (इच्छिणे) तसेच: किएरो, पण केरेमोस. कोष्टकात बदललेल्या चार रूपांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार दिसतो, म्हणून वर्गात त्यांना ‘बूट व्हर्ब’ म्हणतात. पाठांतराला ही युक्ती चांगली आहे. मात्र स्वर पुरुष आणि वचन पाहून बदलतो, असा समज तिच्यातून रुजतो. स्वर बदलतो तो आघातामुळे, म्हणजे शब्द उच्चारताना एका अक्षरावर पडणाऱ्या जोरामुळे, आणि हा आघात लॅटिनपासून चालत आला आहे.

अभिजात लॅटिनमध्ये पाच स्वर होते आणि प्रत्येक स्वर ऱ्हस्व व दीर्घ असा दोन प्रकारचा होता. ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए हा भेद मराठी कानाला नवा वाटेल, पण कानडी-तेलुगू ऐकलेल्यांना तो सहज कळेल. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात लोकांच्या बोलण्यातून ही लांबी पुसली गेली. याची साक्ष खुद्द संत ऑगस्टीनने दिली आहे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो इथला हा बिशप. ख्रिस्ती शिकवणुकीवरचा त्याचा ग्रंथ इ.स. 426 च्या सुमारास पूर्ण झाला. त्यात तो सांगतो, की आफ्रिकेतल्या कानांना स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद कळत नाही. लॅटिनमध्ये ऱ्हस्व ‘ओस’ म्हणजे हाड आणि दीर्घ ‘ओस’ म्हणजे तोंड. ऐकणाऱ्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून शिक्षकाने हाडासाठी ‘ओस्सुम’ हे गावठी रूप वापरायला काय हरकत आहे, असे तो विचारतो. स्पॅनिशमधले ‘उएसो’ म्हणजे हाड, ते याच ‘ओस्सुम’चे वंशज आहे.

लांबी गेली तरी सगळे भेद एकदम बुजले नाहीत. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ तोंड जास्त उघडून म्हटले जात, दीर्घ ए-ओ कमी उघडून. स्पेनमधल्या कास्तील प्रदेशाच्या बोलीत (आजची स्पॅनिश तिच्यातूनच आली) आघाताखालचा उघडा ए फुटून ‘इए’ झाला आणि उघडा ओ फुटून ‘उए’. आघात नसलेल्या जागी मात्र उघडे-मिटलेले हा फरक उरलाच नाही, तिथे साधे ए आणि ओ राहिले. नामांना याची झळ कमी बसली, कारण नामाचा आघात सहसा एकाच जागी असतो: ‘पोर्ता’चे पुएर्ता (दार) झाले आणि तसेच राहिले. क्रियापदाचा आघात मात्र रूपागणिक जागा बदलतो. लॅटिन ‘तेनेत’मध्ये (त्याच्याजवळ आहे) आघात धातूवर होता, त्यातून ‘तिएने’ आले. ‘तेनेमुस’मध्ये तो पुढच्या दीर्घ ए वर सरकला, त्यामुळे धातूचा ए शाबूत राहिला आणि ‘तेनेमोस’ मिळाले. मराठीत फूल पण फुलाला, वीट पण विटेवर असे होते तेव्हाही मूळ शब्दाचा स्वर मागून येणाऱ्या प्रत्ययाच्या वजनाने बदलतो. तिथे आपण त्या शब्दाला अनियमित म्हणत नाही.

लॅटिनमधल्या एका क्रियापदगटात ‘आम्ही’च्या रूपातही आघात धातूवरच असे. ‘पेर्देरे’ (हरवणे) त्यातले, त्याचे रूप ‘पेर्दिमुस’, आघात पहिल्या अक्षरावर. तो गट टिकला असता तर आज सहाही रूपांत ‘पिएर्द’ दिसले असते. पण स्पेनमध्ये तो शेजारच्या गटात विरघळला, आघात प्रत्ययाकडे गेला आणि ‘पेर्देमोस’ झाले. कोष्टकातला तो बूट पूर्ण व्हायला हेही घडावे लागले.

ही रूपे लिखाणात फार लवकर भेटतात. स्पेनच्या ला रिओहा प्रांतातल्या सान मियान दे ला कोगोया मठात एका लॅटिन हस्तलिखिताच्या समासात कुणा संन्याशाने दहाव्या-अकराव्या शतकात लोकभाषेत टिपणे केली. काही टिपणे बास्क भाषेतही आहेत. त्यांतल्या सर्वांत लांब टिपणात, एका छोट्या प्रार्थनेत, ‘नुएस्त्रो’, ‘दुएनो’, ‘सिएकुलोस’ हे शब्द आहेत आणि ‘तिएनेत’ हे क्रियापदही आहे. शेवटचा लॅटिन ‘त’ अजून गळालेला नाही, पण स्वर फुटलेला आहे. मला या विषयातला हा सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो, कारण एकाच शब्दात दोन भाषांचे थर दिसतात. स्पॅनिश भाषाभ्यासक रामोन मेनेंदेझ पिदाल यांनी स्पॅनिशच्या उगमावरच्या 1926 च्या ग्रंथात या काळातली कागदपत्रे तपासली. आयबेरियन द्वीपकल्पाच्या इतर भागांत उओ, उआ, उए अशी रूपे एकमेकांत मिसळत असताना कास्तीलने ‘उए’ लवकर पक्के केले, असे त्यांनी दाखवले.

शेजाऱ्यांनी वेगळे मार्ग धरले. इटालियनमध्ये स्वर फुटतो, पण फक्त स्वरान्त अक्षरात, म्हणून तिथे दार ‘पोर्ता’च राहिले. पोर्तुगीजमध्ये स्वर फुटतच नाही, उघडा राहतो. गोव्यातल्या जुन्या पिढीला शाळेत शिकलेले पोर्तुगीज ‘पोर्ता’ आणि ‘तेर्रा’ आठवत असतील. स्पॅनिशमध्ये तेच पुएर्ता आणि तिएर्रा.

इथवर सारे नियमात बसते. गुंता पुढे झाला, तो सादृश्याने. एकदा असे जोड भाषेत मुरल्यावर, ज्या धातूंना स्वर फोडण्याचा हक्क नव्हता तेही त्या रांगेत शिरले. ‘सेंब्रार’ (पेरणे) लॅटिनच्या दीर्घ ए चे, त्याचे ‘सेंब्रो’ व्हायला हवे होते, झाले ‘सिएंब्रो’. ‘मोस्त्रार’ (दाखवणे) दीर्घ ओ चे, तरी ‘मुएस्त्रो’. ‘रेगार’ (पाणी देणे) आणि ‘फ्रेगार’ (घासणे) तर मूळच्या ऱ्हस्व इ चे, तरी रिएगो आणि फ्रिएगो. उलट बाजूने काहींनी हक्काचा स्वरबदल सोडला: जुन्या भाषेतले ‘एंत्रिएगा’ (सोपवतो) आज ‘एंत्रेगा’ आहे. आणि ‘लेवार’ची (नेणे) गोष्ट तर मला फार आवडते. त्याच्या ‘लिएवा’ या रूपातला ‘लि’ ‘ल्य’मध्ये विरघळून ‘ल्येवा’ झाले, मग तो ‘ल्य’ सगळ्या रूपांत पसरला आणि मूळ क्रियापदच ‘ल्येवार’ झाले. आज बहुतेकांच्या तोंडी ते ‘येवार’ आहे. बदललेल्या रूपाने न बदललेल्यांना गिळले.

‘हुगार’ (खेळणे) एकटेच आहे. उ चा उए होणारे स्पॅनिशमध्ये दुसरे क्रियापद नाही. जुन्या भाषेत धातूत ओ होता, त्यामुळे ‘हुएगो’ अगदी नियमाने आले. नंतर आघात नसलेल्या ओ चा उ झाला आणि विचित्र दिसणारी जोडी मागे उरली.

शेवटी -इर असलेल्या क्रियापदांच्या गटाचा इतिहास वेगळा आहे. पेदिर (मागणे)–पिदो, सेर्विर (सेवा करणे)–सिर्वो यांत ए फुटत नाही, वर चढून इ होतो. लॅटिन ‘सेर्विओ’, ‘मेतिओर’ यांच्या शेवटी य सारखा ध्वनी होता आणि त्याने मागच्या स्वराला वर ओढले. ‘पेदिर’च्या मुळात तो ध्वनी नव्हताच, ते ‘मेदिर’च्या (मोजणे) पावलावर पाऊल टाकून गेले. भूतकाळातले दुर्मिओ, सिंतिओ आणि कृदंतातले दुर्मिएंदो, सिंतिएंदो यांच्या मागेही तोच ‘य’ आहे. म्हणूनच ‘दोर्मिर’मध्ये एकाच धातूची तीन रूपे होतात: दुएर्मे, दोर्मिमोस, दुर्मिओ. ओ असलेले बाकीचे -इर धातू हा भार सांभाळू शकले नाहीत: जुने कोब्रिर, सोफ्रिर आज सर्व रूपांत उ घेऊन कुब्रिर, सुफ्रिर झाले. रोजच्या वापरातली दोर्मिर आणि मोरिर (मरणे) ही दोनच टिकली.

सालामांकात 1492 मध्ये छापलेल्या आंतोनियो दे नेब्रिहाच्या कास्तिलियन व्याकरणाचा पाचवा भाग परभाषकांसाठी आहे. म्हणजे क्रियापदे चालवायला शिकणारे परके विद्यार्थी तेव्हाही त्याच्या नजरेसमोर होते. माद्रिदची राजेशाही भाषा अकादमी 1713 मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले व्याकरण 1771 चे. पण लेखी नियम आले म्हणून बोलण्यातली हालचाल थांबली नाही. ‘आप्रेतार’चे (आवळणे) प्रमाण रूप ‘आप्रिएतो’ असूनही अनेकांच्या बोलण्यात ‘आप्रेतो’ येते. ‘एर्रार’ (चुकणे) स्पेनमध्ये ‘येर्रो’, तर लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत ‘एर्रो’ही चालते.

आघाताचा नियम आजही जिवंत आहे हे पाहायचे तर अर्जेंटिनात पाहावे. तिथे एकवचनी ‘तू’साठी ‘वोस’ वापरतात आणि त्याचे रूप जुन्या अनेकवचनी ‘तुम्ही’पासून आले आहे: वोस पोदेस, वोस केरेस. आघात शेवटी, म्हणून धातू साधा. बुटाच्या चित्रात एकवचनी ‘तू’ आत असतो, इथे तो बाहेर पडला. मेक्सिकोतल्या आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या बोलीत याच्या उलट दिसते. विध्यर्थातल्या ‘पोदामोस’चा आघात काही जण मागे, धातूवर घेतात. आघात मागे आला की स्वर आपोआप फुटतो आणि ‘पुएदामोस’ असे रूप ऐकू येते.